सतराव्या पानापासून कोरं

मंडळी, ऐका! प्रसादाला अजून वेळ आहे, शिरा आत्ताशी भाजायला घेतलाय, तेव्हा तिकडं नाक वळवू नका. आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.

एका माणसानं काम केलं, पण वेडंवाकडं केलं. दुसरा म्हणाला, "मी करीन तर असं करीन की कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही!" आणि त्यानं ते केलंच नाही! दोघं एकाच दिवशी देवाच्या दारात जाऊन उभे राहिले. सांगा, देव आधी कुणाला आत घेईल?

बघा, पुढच्या रांगेतल्या मावशी म्हणतात, पहिल्याला. आणि हे खांबाला टेकलेले गुरुजी मान हलवतात — नाही, नाही! गुरुजी, तुम्ही हलवणारच! जन्मभर लाल पेनानं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात तुम्ही! बसा, रागावू नका. तुमच्यासाठीच आख्यान आणलंय.

पुराणातलं नाही हं. राक्षस नाही, शाप नाही. तासगावाकडचं एक गाव — नाव घेत नाही, माझे सोयरे आहेत तिथं, पुढच्या लग्नात जेवायला जायचंय मला. त्या गावात तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं एक दुकान. मालक श्रीरंग खराडे. लोक म्हणायचे रंगाभाऊ. बायको वैजयंता. लग्नाआधी टायपिंग आणि लघुलेखन, दोन्ही परीक्षा पास झालेली. लघुलेखन म्हणजे काय? तर माणूस बोलत असतो आणि ही बाई नुसत्या रेघा आणि टिंबं मारत सगळं उतरून घेत असते! मी बोलतोय ते सगळं असं कुणी उतरून घेतलं तर? नको रे बाबा! गेल्या वर्षी हीच गोष्ट मी वेगळी सांगितली होती, ते उघडं पडेल!

तर हा श्रीरंग एकदा आजारी पडला. कावीळ. चाळीस दिवस अंथरुणात. करायचं काय? म्हणून गोष्ट लिहायला घेतली. निवृत्त झालेला एक पोस्टमन, तात्या नाव. त्याच्या पिशवीत एक न पोचलेलं पाकीट राहून गेलेलं असतं आणि त्या पाकिटापायी तो एका खुनाचा माग काढत जातो. अंथरुणावर पडून लिहिली, बरा झाला तेव्हा संपलेली होती. नाव ठेवलं 'सातवं पाकीट'. प्रकाशक कोण? हाच! अक्षरजुळणी दुकानातच केली, मुखपृष्ठ स्वतः केलं, सांगलीत एका छापखान्यातून तीनशे प्रती काढल्या आणि पिशवी खांद्यावर टाकून बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर उभा राहिला. "घ्या हो, घ्या! प्रवासात सुरू करा, उतरायचं विसराल!"

आणि मंडळी, खरंच एक बाई उतरायचं विसरली! कवठ्याला जायची ती जतला पोचली! पुस्तकं हातोहात गेली.

पण गोष्ट संपली कुठं, ठाऊक आहे? तात्या एका गोदामात शिरतो, बाहेरून कुणीतरी कडी लावतं आणि दाराखालून धूर आत यायला लागतो. खाली ओळ — 'पुढील भाग लवकरच.' लवकरच! या शब्दानं किती घरं बुडवली असतील! कंत्राटदार काय म्हणतो? लवकरच! नवरा काय म्हणतो? लवकरच!

पुढचा भाग आला का? सात वर्षं आला नाही! सात वर्षं तो म्हातारा धुरात उभा!

का? तेच तर सांगतो. पुस्तक गाजलं तसा एक दिवस चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "रंगाभाऊ, बाविसाव्या पानावर तुमचा पोस्टमन रविवारी टपाल वाटतोय, ते कसं काय बुवा?" टपरी हसली. झालं! एवढंच झालं. दोन दिवसांत लोक विसरले. पण श्रीरंगाच्या काळजात ते कुसळासारखं रुतलं ते रुतलंच. त्यानं मनाशी गाठ मारली, आता अशी कादंबरी लिहीन की त्यात एक चूक सापडणार नाही!

बायकोला म्हणाला, "वैजू, मला सकाळी चार तास दे. पुढचा भाग लिहायचाय."

ती म्हणाली, "घ्या की. दुकान मी उघडते."

सात वर्षं, मंडळी! सकाळी सात ते अकरा ती बाई झेरॉक्सच्या मशीनपाशी उभी. सातबाराचे उतारे, रेशनकार्डं, दाखले! पायाच्या शिरा फुगल्या, पण एक दिवस 'कंटाळले' म्हणाली नाही. कुणी विचारलं की सांगायची, "ते आत लिहीत बसलेत." आवाजात केवढा अभिमान!

आणि हा आत काय करत होता? पहिलं वाक्य लिहिलं, 'पहाट झाली होती.' छे! खोडलं. 'पहाट होत होती.' अंहं! 'अजून पहाट व्हायची होती.' सात वर्षं झाली तरी त्या कादंबरीत उजाडलंच नाही! जेमतेम सोळा पानं झाली होती. छापखान्यात सोळा पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. तो एक फर्मा त्यानं इतका घासला, इतका घासला, की भांडं असतं तर भोक पडलं असतं.

वैजयंतानं कधी वाचायला मागितलं तर? "पूर्ण झाल्यावर." आणि झालं किती? "आता होतच आलंय. शेवटचा हात फिरवायचाय." पहिल्या वर्षी ते थापेसारखं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यालाही थोडं खोटं वाटलं. सातव्या वर्षी त्या एका वाक्यानं त्याची झोप उडाली. दुकानातून मशीनची खरखर ऐकू आली की त्याला वाटे, आपण हिचं रक्त पितोय. उठून सांगावं, तर जीभ उचलत नसे. कसं सांगणार? सात वर्षं तू उभी राहिलीस त्याची ही सोळा पानं? ती काय म्हणेल, हे भय नव्हतं हो! ती काहीच म्हणणार नाही आणि उद्यापासून तिच्या आवाजातला तो अभिमान जाईल, याचं भय होतं.

आणि इथं आख्यानाला कलाटणी मिळते! वैजयंतानं काय केलं, त्याच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला, त्याला न विचारता, प्रकाशन सोहळाच ठरवला! वाचनालयाचा हॉल घेतला. निमंत्रणपत्रिका छापल्या. प्रमुख पाहुण्या कोण? कुंभोजकर बाई! वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, श्रीरंगाला तिनं गणित शिकवलेलं. पत्रिका त्याच्या हातात देऊन वैजयंता म्हणाली, "होतच आलंय म्हणता ना? मग तारीख पडल्याशिवाय तुमचा शेवटचा हात काही फिरायचा नाही. आता पंधरा दिवस आहेत."

मंडळी, आपल्याकडं लग्न ठरतं आणि मग मुलगा शोधतात, असं मी ऐकलं होतं. पुस्तकाचंही होतं!

पंधरातल्या तेरा दिवसांत श्रीरंगानं किती लिहिलं? पहिलं वाक्य तीन वेळा बदललं. उरले दोन दिवस. आणि मग त्याच्या डोक्यात सैतान शिरला. पहिल्या पुस्तकाच्या वेळी सांगलीच्या छापखान्यात त्यानं बघितलेलं, पुस्तक छापण्याआधी बांधणीवाले कोऱ्या कागदांची एक डमी करतात. जाडी किती होते, कणा कसा बसतो, ते बघायला. वरून अगदी पुस्तक! आत कोरं! त्यानं विचार केला, प्रकाशनाला काय होतं? पुस्तकं सोनेरी कागदात गुंडाळलेली असतात. पाहुणे फीत सोडतात, पुस्तक छातीशी धरतात, फोटो निघतो, पुस्तक टेबलावर जातं आणि भाषण सुरू होतं. आत कोण बघतंय?

आता तुम्ही हसताय! पण खरं सांगा, चूक काय बोलला तो? शाल बघतात, श्रीफळ बघतात, आपलं नाव नीट घेतलं का ते बघतात. पुस्तक कोण बघतं?

केल्या पाच डमी. वर झकास मुखपृष्ठ, 'आठवं पाकीट'. आत तो सोळा पानांचा फर्मा आणि सतराव्या पानापासून कोरं! लोकांना सांगायचं, बाकीच्या प्रती सोमवारी येणार. आणि सोमवारी? सोमवारचं सोमवारी बघू! खोट्याला उद्या नसतो, मंडळी. खोटं आपलं आजच्यापुरतं बघतं.

हॉल भरला. वैजयंता पहिल्या रांगेत, मोरपिशी साडी, केसांत अबोली. तिच्याकडं बघवेना म्हणून श्रीरंग पंख्याकडं बघत बसला. कुंभोजकर बाईंनी फीत सोडली. टाळ्या! पुस्तक छातीशी धरलं. फोटो! श्रीरंगाचा जीव भांड्यात पडला. आता ठेवतील टेबलावर…

पण म्हातारीला एक खोड होती! कुठलीही गोष्ट हातात आली की शेवटचं पान आधी वाचायचं. म्हणायची, "माझं वय बघा. शेवट कळण्याआधी मीच गेले तर?" तिनं चष्मा चढवला आणि शेवटचं पान उघडलं.

कोरं!

मागं गेली. कोरं. आणखी मागं. कोरं! सतरावं पान… कोरं! सोळावं? त्यावर छापलेलं.

बाई खुर्चीतल्या खुर्चीत श्रीरंगाकडं झुकल्या. हळूच विचारलं, "श्रीरंग, छपाईत पानं गेली, की लिहिलीच नाहीत?"

श्रीरंग पुटपुटला, "बाई…"

"खरं सांग. मला आता रागवायलाही दम पुरत नाही."

"लिहिलीच नाहीत, बाई."

"वैजयंताला माहिती आहे?"

"नाही."

बाईंनी पुस्तक मिटलं. "हे बघ, मी झाकू शकते. दोन चांगले शब्द बोलते आणि बसते. कुणाला कळायचं नाही. पण मग तुला सोमवारी हेच परत करावं लागेल. आणि मंगळवारी. तू गणितात कच्चा होतास, तरी हा हिशोब तुला सुटायला हरकत नाही."

काय केलं असतंत तुम्ही? नाही, मनात सांगा, मोठ्यानं नको! सुटायची वाट समोर होती. फक्त गप्प बसायचं होतं. श्रीरंगानं एकदा त्या मोरपिशी साडीकडं बघितलं. तिचे हात मांडीवर होते आणि बोटांची अग्रं झेरॉक्सच्या शाईनं, त्या टोनरनं, काळी झालेली. इतक्या नटूनथटून आलेल्या बाईची बोटं तेवढी धुऊन निघाली नव्हती. श्रीरंग उठला. माईकपाशी गेला.

"मंडळी, या पुस्तकात सोळा पानं आहेत. पुढं काही नाही. मी लिहिलेलंच नाही. सात वर्षं मी खोटं बोललो. तुमच्याशी बोललो ते जाऊ द्या… वैजूशी बोललो."

आणि वैजयंता उठली. कुणाकडं न बघता खुर्च्यांच्या मधून मागं गेली. गर्दीत दिसेनाशी झाली. श्रीरंगाला वाटलं, संपलं. ज्याचं भय होतं ते झालं. आणि गंमत बघा मंडळी, त्या क्षणी त्याच्या छातीवरचं सात वर्षांचं जातंही कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं! दुःख होतं, पण श्वास पुरा येत होता. लपवायला आता काही उरलं नव्हतं ना!

तेवढ्यात मागून आवाज आला. रावसाहेब मगदूम, बेदाण्याचे व्यापारी, सौदे पुकारून पुकारून घसा फाटलेला. "ओ रंगाभाऊ! ते पान-बिन राहू द्या! तात्याचं काय झालं ते सांगा! सात वर्षं झाली, आमचा म्हातारा धुरात गुदमरून मेला की काय?"

श्रीरंग गोंधळला. "नाही… मेला नाही."

"मग सुटला कसा?"

सुटला कसा! सात वर्षं ज्या प्रश्नापुढं तो बसला होता, तोच प्रश्न! फरक एवढाच, की आता खोडायला कागद नव्हता. समोर दोनशे माणसं होती आणि रावसाहेब उभेच्या उभे होते.

"सुटला… म्हणजे… पिशवी होती ना त्याची, खाकी. ती त्यानं मडक्यातल्या पाण्यात भिजवली आणि तोंडावर धरली…"

"गोदामात मडकं कुठून आलं?" एक बाई.

"वॉचमनचं होतं!"

"मग वॉचमन कुठं गेला?"

"वॉचमननंच तर कडी लावली!"

"अगं बया!" अख्खी महिलांची बाजू! मंडळी, ते 'अगं बया' कानात पडलं आणि श्रीरंग सुटला! कसा सुटला म्हणता! धरण फुटावं तसा! तात्या बाहेर आला, वॉचमनच्या मागं लागला, जतपर्यंत गेला, एका विधवेच्या दारात पाकीट घेऊन उभा राहिला. भाषा? कसली भाषा! 'मग काय झालं, तर' आणि 'तेवढ्यात' यांच्यावरच सगळा गाडा चाललेला! मध्येच कुणीतरी ओरडलं, "आज रविवार नाही ना?" आणि श्रीरंग हसला. पोट धरून हसला! "रविवारच आहे! तात्याला जास्तीची ड्युटी लावलीय!" ज्या चुकीनं सात वर्षं खाल्ली, ती चूक हॉलभर हसण्यावारी गेली.

सव्वा तास बोलला. घशाची पार पिपाणी झाली. खुनी सापडला. कुंभोजकर बाईंनी टाळी वाजवली, म्हणाल्या, "हां! आता मेले तरी चालेल. शेवट कळला." लोक उठून पुढं आले, कुणी पाठ थोपटली, कुणी नुसताच हात हातात घेतला.

पण श्रीरंगाचे डोळे पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर. गर्दी पांगली. तो हॉलभर शोधत फिरला. आणि शेवटच्या रांगेत, खांबाआड, वैजयंता! मांडीवर उरलेल्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. एकेक पत्रिका पालथी आणि कोऱ्या पाठीवर नुसत्या रेघा, टिंबं, रेघा, टिंबं! हात चालूच होता. डोळ्यांतलं पाणी गालावर वाळलेलं.

"वैजू…"

तिनं वर बघितलं नाही. "सात वर्षं मला फसवलंत. पाय मोडले माझे. त्याचं भांडण घरी गेल्यावर. चांगलं दोन दिवस भांडणार आहे मी."

"भांड. पाहिजे तेवढं भांड."

"पण आधी मला सांगा, त्या विधवेचा नवरा दोनदा कसा मेला? एकदा विहिरीत पडून आणि एकदा ट्रॅक्टरखाली?"

श्रीरंग तिच्या शेजारी खालीच बसला. आधी हसायला लागला, मग रडायला लागला. मग म्हणाला, "राहू दे दोनदा. पुढच्या वाचनात एकदा जिवंत करू."

तिनं वही मिटावी तसा गठ्ठा मिटला आणि त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. जोरात मारली हं! प्रेमाची-बिमाची नव्हती. पण त्या चापटीनं श्रीरंगाला जे हलकं वाटलं ना मंडळी, ते शाल-श्रीफळानं कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवस भांडण झालं, ठरल्याप्रमाणं. तिसऱ्या दिवशी तिनं कायदा घातला. सकाळी सात ते नऊ, यानं येरझाऱ्या घालत तोंडानं गोष्ट सांगायची, तिनं बसून उतरवायची. मागं वळून बघायचं नाही. नायकाचं नाव विसरलं तर 'तो' म्हणून पुढं जायचं. गोष्ट संपली की झाकण मारून पंधरा दिवस ठेवायचं, लोणच्यासारखं. मग दुरुस्ती दोनच वेळा. तिसऱ्यांदा पेन उचललं की ती म्हणायची, "आता ते वाचणाऱ्याचं आहे. चूक सापडली तर त्यांना आनंद होतो, तो तुम्ही का हिसकावता?" आणि नऊ वाजता झेरॉक्सपाशी कोण? श्रीरंग! तिनं खुर्चीवर बसून, पाय वर घेऊन चहा प्यायचा.

दीड वर्षात चार पुस्तकं आली! चार! सगळीच्या सगळी मी वाचली. चुका आहेत का? आहेत की! एका ठिकाणी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी अमावस्या आहे! पण एसटीत वाचणारी माणसं आजही उतरायचं विसरतात. आणि श्रीरंगाला म्हणे पाठ टेकली की झोप लागते.

आता हसू बाजूला ठेवा. प्रश्न श्रीरंगाचा नव्हता, तुमचा आहे. तुम्ही कादंबरी लिहीत नसाल. पण भावाशी बोलायचं राहिलंय ना? नीट शब्द सापडले की बोलू! पोरीला पोहायला शिकवायचंय, जरा सवड मिळू दे! नामस्मरण करायचंय, आधी मन स्थिर होऊ दे! अहो, मन स्थिर झालं असतं तर नाम कशाला लागलं असतं? चांगलं करायचं म्हणून आपण केलंच नाही आणि वर लोकांना सांगतो, होतच आलंय! आणि आपल्यासाठी कुणीतरी बाहेर उभं आहे, मंडळी. रोज. पाय दुखेपर्यंत. त्या माणसाला तुमचं सुंदर काम नको असतं. त्याला तुमचं कसंही असलेलं काम चालतं. त्याला फक्त कोरं चालत नाही.

तेव्हा उद्या सकाळी उठा आणि जे राहिलंय ते करा. वाईट करा. मनापासून, घाम गाळून वाईट करा! चुका पुसायला तो वर बसलाय, हात ओला करूनच बसलाय. पण पुसायला आधी पाटीवर काहीतरी लिहिलेलं लागतं की नाही? हात जोडा. वेडंवाकडं, अर्धंमुर्धं, जसं असेल तसं पदरात घेणाऱ्या त्या पांडुरंगाचा, मोकळ्या गळ्यानं, सूर चुकला तरी चालेल, एकदा करा जयजयकार!